मांजर सारखं ओकतंय, लाळ गाळतंय : कुंडीतल्या फुलझाडाचा दोष कसा ओळखायचा

आमच्या रोपवाटिकेत फुलझाड घेताना हल्ली बरेच जण विचारतात, "दादा, हे घरात ठेवलं तं मांजरीले काही होईन काय?" पाच-सात वर्षांपूर्वी असं कोणी विचारत नव्हतं. मांजर उंदरासाठी पाळायचं आणि त्यानं कोठ्यात झोपायचं, अशीच रीत होती. आता ते बंगईवर झोपतं, पोरांच्या अंथरुणात शिरतं आणि समोरच्या खोलीत टीव्हीजवळ ठेवलेल्या कुंडीची पानंही कुरतडतं. म्हणून हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याला "काही होत नाही जी, न्या" एवढंच उत्तर देणं मला पटत नाही.

तक्रार बहुतेक एकाच वळणाची असते. मांजर दहा-पंधरा दिवसांनी एकदा लाळ गाळतं, ओकतं, दिवसभर कोपऱ्यात पडून राहतं आणि मग बरं होतं. घरचे कोणत्या तरी कुंडीवर संशय घेतात, ती बाहेर काढतात, आणि पुढच्या पंधरवड्यात पुन्हा तेच. तुमच्याकडेही असंच चाललं असेल तर खालच्या क्रमानं तपासा. त्याआधी एक गोष्ट मात्र वाचाच, कारण तिथे पुन्हा तपासायला वेळ मिळत नाही.

घरात खरी लिली आहे का?

मांजराच्या बाबतीत सगळ्यात घातक फूल म्हणजे खरी लिली. लग्नाच्या रिसेप्शनला नागपूर-अमरावतीहून जे मोठे गुच्छ येतात, त्यात गुलाबी-पांढरी, उग्र वासाची, वाटीएवढी फुलं असतात ना, तीच. तिला सहा पाकळ्या असतात आणि मधून सहा लांब केसर बाहेर येतात. केसरांच्या टोकाला तपकिरी-केशरी पराग असतो, तो शर्टाला लागला तर डाग निघत नाही. देठ सरळ उभा आणि त्याला खालपासून वरपर्यंत पानं. दुसरी डे लिली. तिची पानं गवतासारखी लांब, बुडातूनच निघणारी, आणि प्रत्येक फूल एकच दिवस टिकतं. ही बागेत लावतात, रंग बहुधा केशरी किंवा पिवळा.

या दोन्हींमुळे मांजराच्या किडन्या निकामी होतात. पान, पाकळी, देठ, कंद, पराग सगळंच विषारी आहे. अंगावर सांडलेला पराग मांजरानं चाटून साफ केला किंवा ज्या पाण्यात गुच्छ ठेवला होता ते पाणी प्यायलं, तरी पुरतं. कुत्र्यानं तीच लिली खाल्ली तर त्याचं पोट बिघडतं, किडनीला धक्का लागत नाही. म्हणून "आमच्या टॉमीनं खाल्ली होती, काही नाही झालं" हा दाखला मांजराला लावू नका.

यातली फसगत नीट समजून घ्या. लिली खाल्ल्यावर काही तासांत मांजर ओकतं, सुस्त होतं, खात नाही. मग ओकणं थांबतं आणि ते जरा बरं दिसतं. घरच्यांना वाटतं, निघून गेलं विष. खरं तर त्याच वेळी आत किडनीचं नुकसान चाललेलं असतं. एक ते तीन दिवसांत मांजर आधी खूप पाणी पितं, खूप मुततं, पुढे लघवीच बंद होते. लघवी बंद झाल्यावर वाचण्याची आशा फार थोडी उरते. खाल्ल्यापासून १८ तासांच्या आत शिरेतून सलाईन सुरू झालं, तर बहुतेक मांजरं वाचतात. हे सलाईन दोन-तीन दिवस चालू ठेवावं लागतं. म्हणून लिलीचा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट न पाहता निघायचं. अंगावर पराग दिसला तर आधी ओल्या फडक्यानं पुसून, धुऊन काढा, त्याला चाटू देऊ नका, आणि मग गाडी काढा.

या फुलासाठी माझा सल्ला एकच : मांजराच्या घरात ते आणूच नका. उंच फडताळावर ठेवणं, खोलीचं दार लावून घेणं, यातलं काही भरवशाचं नाही. मी खऱ्या लिलीचे कंद विकायलाच ठेवत नाही. लग्नघरातून गुच्छ मिळाला, तर त्यातली लिलीची फुलं तिथेच काढून टाका आणि उरलेला घरी आणा.

मग बाकीच्या लिल्या?

आपल्याकडे रोपवाटिकेत निम्म्या फुलझाडांना लिली म्हणूनच हाक मारतात आणि सगळा गोंधळ तिथे होतो. कोणी घाबरून निर्धोक झाड उपटून फेकतं, तर कोणी घातक झाड खुशाल सोफ्याजवळ ठेवतं.

कर्दळीला कॅना लिली म्हणून विकतात. केळीसारखी रुंद पानं, लाल-पिवळी फुलं. तिच्यापासून मांजराला धोका नाही, निर्धास्त लावा. पीस लिली म्हणजे गर्द हिरवी पानं आणि एकच पांढरी पाकळी, तिच्या आत कणसासारखा दांडा. ही "हवा शुद्ध करणारी" म्हणून सध्या घरोघरी गेली आहे. ती खरी लिली नाही, तिनं किडनी जात नाही. तोंडाची मात्र आग होते, त्याबद्दल पुढे लिहितो. पहिला पाऊस पडला की गवतासारख्या पानांतून जी गुलाबी-पांढरी फुलं वर येतात ती रेन लिली. उन्हाळ्यात लाल चेंडूसारखं एकच फूल येतं ती फुटबॉल लिली. पांढऱ्या पाकळ्यांना बारीक सोंडा असतात ती स्पायडर लिली. या तिघींच्या कंदात विष जास्त असतं, खाल्लं तर ओकाऱ्या आणि हगवण लागते. मांजर सहसा कंद उकरून खात नाही, पण पिल्लू कुंडी उकरतं. म्हणून पिल्लू असेल तर या कुंड्या बाहेर.

लाळ गळते, पंजानं तोंड पुसतं, तासाभरात सुरू होतं

हे लक्षण ओळखायला सोपं आहे. पान चावल्या-चावल्या मांजर डोकं झटकतं, तोंडाला फेस येतो, पंजा तोंडावर घासतं, दूध दिलं तरी तोंड लावत नाही. हे अळूच्या खानदानातल्या झाडांचं काम : पीस लिली, अँथुरियम, डिफेनबॅकिया, अॅग्लोनेमा, मनी प्लांट. यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते जिभेत आणि हिरड्यांत रुततात. कच्च्या अळूनं आपला घसा खवखवतो, तेच हे.

यात जीव जाणं विरळा. तोंड ओल्या फडक्यानं आतून पुसा, चमचाभर पाणी किंवा पातळ ताक पुढे ठेवा, स्वतःहून प्यायलं तर प्यायलं. काही तासांत उतरतं. जीभ सुजून श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर मात्र डॉक्टर.

आता हे वारंवार का होतं? एकदा पोळलेलं मोठं मांजर त्या पानाला सहसा पुन्हा तोंड लावत नाही. तरी पुन्हा होत असेल तर दोन शक्यता पाहा. घरात याच जातीचं दुसरं झाड आहे का? पीस लिली बाहेर काढली आणि मनी प्लांटचा वेल खिडकीतून लोंबतोय, असं फार घरांत दिसतं. किंवा घरात पिल्लं आहेत का? पिल्लांना लोंबतं, हलतं ते सगळं खेळणंच वाटतं.

ओकारी, सुस्ती, पाय लटपटणं

हिवाळ्यात छोट्या कुंडीत गच्च लाल-पिवळ्या फुलांचा झुपका असलेलं कलांचो भेट म्हणून देतात. आपली पानफुटी याच कुळातली. दुसरं अॅडेनियम, बुड फुगलेलं, गुलाबी फुलांचं, आपल्या उन्हात मस्त जगणारं. आणि दारातली कण्हेर, लाल असो की पिवळी. या सगळ्यांतलं विष थेट हृदयावर काम करतं. ओकारी-हगवणीबरोबर नाडी मंद किंवा वाकडीतिकडी चालते, मांजर उभं राहताना कोसळतं. अशा वेळी घरी थांबू नका. कण्हेर अंगणात, कुंपणाला राहू द्या. तिची छाटणी करताना पडलेला पाला मात्र गोळा करून टाका. वाळलेली कण्हेरही तितकीच विषारी असते, हे ढोरंवाल्यांना वेगळं सांगायला नको.

सदाफुलीबद्दल लोक मला हमखास विचारतात, कारण ती नाही असं अंगण विदर्भात सापडणार नाही. ती विषारी आहे. कॅन्सरवरची व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिनब्लास्टीन ही औषधं तिच्यातूनच मिळाली. पण चवीला इतकी कडू की मांजर सहसा एका चाव्यापलीकडे जात नाही. अंगणात असू द्या, घरात ठेवू नका.

शेवंतीनं लाळ, ओकारी, कधी झोकांड्या, कातडीला खाज. रातराणी विषारी. कोरफडीनं हगवण. महालक्ष्म्यांच्या दिवसांत काही घरांत रानातून कळलावीची फुलं आणतात, लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी. ती माणसालाही मारू शकते, आणि तिचा कंद सगळ्यात जहाल. पूजा झाली की ती फुलं निर्माल्यात उघडी टाकू नका, मातीत पुरा.

झाड निर्धोक आहे, तरी मांजर आजारी पडतं

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण गावात मला हेच सगळ्यात जास्त दिसतं आणि याचाच विचार कोणी करत नाही.

एका ताईंची तक्रार होती : "जास्वंदी उपटून फेकली जी, तरी पुन्हा तेच. आता काय करू?" जास्वंद खाऊन मांजराचं फार तर पोट बिघडेल, एवढी ओढ होत नाही. घरी जाऊन पाहिलं. बाकीच्या जास्वंदींच्या शेंड्यांवर पांढरा कापूस चिकटलेला, म्हणजे पिठ्या ढेकूण. तो जावा म्हणून त्या दर पंधरवड्याला कपाशीवरचं उरलेलं औषध बाटलीच्या झाकणानं मापून बादलीत घालत आणि तांब्यानं कुंड्यांवर ओतत. कुंड्यांखाली प्लास्टिकच्या ताटल्या. ताटल्यांत दुधासारखं पांढुरकं पाणी साचलेलं, आणि एका ताटलीच्या काठावर मांजराच्या पायांचे ओले ठसे. दुपारी ४४-४५ अंश तापलेल्या स्लॅबखाली त्या मांजराला पाणी मिळत होतं ते तिथेच.

वावरातलं औषध घरच्या कुंडीत घालणं ही आपल्याकडची जुनी खोड आहे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. ज्यानं सत्तर किलोचा माणूस आडवा होतो, त्याचे काही थेंब तीन किलोच्या मांजराला पुरेसे आहेत. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस या जातीच्या औषधांची खूण अशी : तोंडातून आणि डोळ्यांतून पाणी, पातळ हगवण, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या बारीक, अंगाचे स्नायू फडफडतात, श्वास घरघरतो. पान चावल्यानं असं होत नाही. यावर अॅट्रोपिन हे इंजेक्शन चालतं आणि ढोरांच्या दवाखान्यात ते असतं, पण डॉक्टरला औषधाचं नाव कळलं पाहिजे. बाटली सोबत न्या. बाटली फेकली असेल तर खोकं, तेही नसेल तर कृषी केंद्राची पावती.

फोरेटचे दाणेही पाहा. लोक त्याला थायमेट म्हणतात, आणि कुंडीत किडे, वाळवी, मुंग्या झाल्या की चिमूटभर टाकतात. त्यावर देशात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे, तरी जुनी पुडी कोठ्यात पडलेली असते. असे दाणे घातलेली माती मांजर पंजानं उकरतं आणि मग पंजा चाटतं. अशी कुंडी घरात नकोच. माती वावरात नेऊनही पसरू नका. ती दूर, विहीर-नाल्यापासून लांब, खोल खड्ड्यात पुरा, आणि हाताला पिशवी बांधूनच हे काम करा.

तिसरं, गोचिडाचं औषध. बैलाला, गाईला सायपरमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिन लावलं आणि त्याच हातानं मांजराला कुरवाळलं, किंवा "याच्याही अंगावर पिसवा आहेत" म्हणून दोन थेंब त्यालाही चोळले. मांजराच्या यकृताला ही औषधं नीट पचवता येत नाहीत. अंग थरथरतं, कान आणि कातडी फडकते, झटके येतात. अंगावर पडलं असेल तर कोमट पाण्यानं आणि भांडी घासायच्या साबणानं धुवा, कोरडं करून ऊब द्या आणि डॉक्टरकडे न्या. कुत्र्याच्या मानेवर लावायची गोचिडाची औषधंही मांजराला चालत नाहीत.

एरंडीची पेंड खत म्हणून घातली असेल तर तीही काढा, तिच्यात रायसिन नावाचं एरंडीचं जहाल विष राहिलेलं असू शकतं. आणि उंदराचं औषध ठेवलं असेल तर मांजर मेलेला उंदीर खातं, ते विष तसंही त्याच्या पोटात जातं. फुलझाडावर बोट ठेवण्याआधी शेजाऱ्यांना विचारा, कोणी गोळ्या टाकल्या आहेत का.

मग जास्वंदीच्या ढेकणाचं काय करायचं? शेंडे जोरात पाण्यानं धुवा, साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या फडक्यानं पुसा, फार लागलेले शेंडे छाटून जाळा. आठवड्याला एकदा असं महिनाभर केलं की आटोक्यात येतं. वेळ जातो हे खरं. त्या ताईंनी ताटल्या काढल्या, मांजरासाठी मातीचं पसरट भांडं कुलरच्या सावलीत ठेवलं, आणि ओकणं थांबलं.

कारण सापडतच नसेल तर असं करा

ओकलेलं फेकण्याआधी नीट पाहा. हिरवे तुकडे असतील तर ते पान घरातल्या कोणत्या झाडाचं, हे जुळवून पाहा. केसांची लांबट गुंडाळी असेल तर झाडाचा काही संबंध नाही. मांजर अंग चाटतं, केस पोटात साठतात आणि ते बाहेर काढतं. शेवयांसारखे पांढरे किडे दिसले तर जंत आहेत, डॉक्टरकडून वजनाप्रमाणे औषध घ्या. प्रत्येक वेळी तारीख लिहा, आणि त्याआधीच्या दोन दिवसांत घरात काय झालं तेही : फवारणी, फिनाइलनं पुसणं, गुच्छ आणणं, नवं झाड, लग्नाचं जेवण. तीन-चार नोंदी झाल्या की मेळ बसतो. कुंड्या एकदम सगळ्या बाहेर काढल्या तर दोषी कोण ते कळत नाही, म्हणून आधी वर सांगितलेल्या घातक कुंड्या काढा आणि मग बाकीच्या एकेक करून.

आणि मांजराला पाला खायची हौस असतेच, ती मोडता येत नाही. त्याच्या हक्काचं गवत द्या. नवरात्रात घटाभोवती गहू उगवतो, तसा पसरट भांड्यात गहू पेरा, बोटभर झाला की पुढे ठेवा. ज्वारी मात्र पेरू नका. कोवळ्या ज्वारीत सायनाइड तयार होतं, ढोरं त्यानं दगावतात हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे. गव्हाला कसलंही बियाणं-औषध लावलेलं नसावं, घरातल्या डब्यातला घ्या.

घरात फूल हवंच असेल तर गुलाब, मोगरा, जाई, तेरडा, झिनिया, जरबेरा, कर्दळ, आणि खोलीत सावलीला होया. हे मी मांजरवाल्यांना बिनधास्त देतो. मोगऱ्याच्या नावाखाली रातराणी तर हातात पडली नाही ना, एवढं पाहून घ्या.

जे करू नका

ओकवण्यासाठी मिठाचं पाणी पाजू नका, मांजराच्या रक्तात मीठ वाढून तेच जिवावर बेततं. तूप, तेल, दूध जबरदस्तीनं घशात ओतू नका, फुप्फुसात जातं. ताप वाटतोय म्हणून पॅरासिटामॉल तर अजिबात नको. माणसाची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. अंगारा लावायचा तर लावा, पण गाडीत बसल्यावर.

जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याची वेळ आणि डॉक्टरचा फोन आजच भिंतीवर लिहून ठेवा. शासनाचा पशुसेवेचा टोल फ्री क्रमांक १९६२ आहे. लिलीसारखी गोष्ट असेल, दोन-तीन दिवस सलाईन आणि रक्ततपासणी लागणार असेल, तर नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यकीय संस्था गाठा. गडचिरोली, यवतमाळकडून नागपूरला तीन-चार तास मोडतात, ते १८ तासांतून वजा धरूनच निघा. सोबत झाडाची फांदी पानाफुलासकट पिशवीत घ्या, नाही जमलं तर मोबाईलमध्ये फोटो. डॉक्टरला तीनच गोष्टी आधी सांगा : काय खाल्लं, किती वाजता, आणि शेवटची लघवी केव्हा केली.

झाडं हलवली, औषधं बंद केली, ताटल्या काढल्या, तरी महिनाभरात मांजर पुन्हा ओकत असेल, वजन उतरत असेल किंवा पाणी फार पीत असेल, तर रक्तातलं क्रिएटिनिन आणि युरिया तपासून घ्या, किडनी कशी चालते ते त्यावरून कळतं. वय झालेल्या मांजरात किडनीचा जुना आजार अगदी असाच दिसतो, आणि त्यावर आहार आणि औषधं वेगळी असतात.